दीड महिन्याच्या बाळाची मान एकाच बाजूला कलते. थांबावं की लगेच दाखवावं?

अनघा_चिपळूण
सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार. माझी मुलगी परवा ७ आठवड्यांची झाली. गेले दहा-बारा दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

बारशाचे फोटो बघत बसले होते. एका फोटोत तिचं डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं दिसलं. वाटलं, ज्याने घेतलंय त्याच्या हाताचा दोष. मग आत्याच्या मांडीवरचा, आजोबांच्या हातातला, पाळण्यातला, असे सगळे एकामागून एक लावून पाहिले. प्रत्येक फोटोत डोकं उजवीकडे कललेलं आणि हनुवटी डावीकडे. एकही सरळ नाही. उजव्या बाजूची मानेची वळी उघडतच नाही. दूध ओघळून तिच्यात साचतं, कातडी लाल आणि ओली राहते. अंगावर पाजताना एका बाजूला नीट ओढते, दुसऱ्या बाजूला धरायच्या आधीच रडून घर डोक्यावर घेते.

शनिवारी तेल लावताना बाईंच्या बोटाला गाठ लागली. मानेच्या उजव्या बाजूला, मधोमध, चिंचोक्याएवढी, टणक. दाबली तर रडत नाही. मी मात्र त्या दिवसापासून झोपलेले नाही.

बाई म्हणतात नस चढलीय, आठ दिवस चोळून सरळ करून देते. सासूबाई म्हणतात, बाळाने मान धरली की आपोआप सरळ होईल. इथल्या डॉक्टरांनी वजन बघितलं, छान आहे म्हणाले, तीन महिने वाट बघू. नणंदेच्या सासूबाईंनी फोनवर विचारलं, ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का? मला आठवत नाही हो. असेलही चिरलं.

बाळ पायाकडून होतं म्हणून सिझेरियन झालं. ही गाठ कसली? वाट बघू की पुण्याला घेऊन जाऊ?

रेवती_नाशिक
सोमवार, रात्री ११:५८

अनघा, आधी पाणी पी. माझ्या भाच्याला हुबेहूब हेच होतं, गाठीसकट. घरात सगळे कॅन्सर-कॅन्सर म्हणून रडून मोकळे झाले होते. साडेसहा महिन्यांचा होईपर्यंत गाठ हाताला लागेनाशी झाली. पण त्याच्या मानेवर वहिनीने रोज मेहनत घेतली, नुसती वाट नाही बघितली. नीरजाताई फिजिओ आहेत, त्या सविस्तर लिहितीलच. तोवर बाईंना मानेला हात लावू देऊ नकोस.

नीरजा_फिजिओ
मंगळवार, सकाळी ६:१५

अनघा, मी लहान मुलांचीच फिजिओ आहे, १४ वर्षं झाली. बाळाला पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, पण तू इतकं नेमकं लिहिलं आहेस की काय असू शकतं ते सांगता येईल.

स्वतःच्या मानेला हात लाव. हनुवटी डावीकडे वळव. उजव्या कानामागच्या हाडापासून तिरका खाली गळ्याच्या खळगीपर्यंत येणारा दोरीसारखा स्नायू वर येईल. त्याचं नाव स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. नाव लांबलचक असलं तरी त्यातच पत्ता आहे: छातीच्या मधल्या हाडापासून आणि कॉलरबोनपासून कानामागच्या हाडापर्यंत. हा स्नायू आखडला की डोकं त्याच बाजूला कलतं आणि तोंड विरुद्ध बाजूला वळतं. म्हणजे उजवा आखडला तर डोकं उजवीकडे, हनुवटी डावीकडे. तुझ्या फोटोंत हेच आहे. याला जन्मजात टॉर्टिकॉलिस म्हणतात.

गाठीबद्दल. या स्नायूत कधी कधी तंतूंचा गोळा तयार होतो. जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी हाताला लागायला लागतो, थोडा वाढतो आणि बहुतेक मुलांमध्ये सहा-आठ महिन्यांत विरून जातो. तो कॅन्सर नाही. पण हे मी म्हणते म्हणून मानायचं नाही. मानेची सोनोग्राफी करायची. तिला सुई लागत नाही, भूल लागत नाही, आणि गाठ स्नायूच्या आत आहे की बाहेर ते स्पष्ट दिसतं.

आता वाट बघण्याबद्दल. इथे मी ठाम आहे. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या फिजिओंच्या संघटनेने याच आजारावर २०१३ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, २०१८ साली त्या सुधारल्या. त्यातला हिशोब मी प्रत्येक आईला सांगते. एक महिन्याच्या आत व्यायाम सुरू झाले तर १०० पैकी ९८ बाळांची मान साधारण दीड महिन्यात जवळपास पूर्ण फिरायला लागते. एक महिन्यानंतर सुरू केलं तर तेच काम सहा महिन्यांवर जातं. सहा महिन्यांनंतर सुरू केलं तर नऊ-दहा महिने, आणि पूर्ण बरी होणाऱ्यांची संख्याही कमी होत जाते. बाळ जितकं मोठं तितकी त्याची ताकद जास्त आणि ऐकून घेण्याची तयारी कमी. चार महिन्यांचं बाळ व्यायामाला जो विरोध करतं तो दीड महिन्याचं करत नाही. त्यामुळे "मान धरली की बघू" हा सल्ला उलटा आहे. मान धरायच्या आधीच हे काम सोपं असतं. तू ७व्या आठवड्यात विचारते आहेस, उशीर झालेला नाही, पण आणखी दीड महिना घालवू नकोस.

दुसरी गोष्ट, आणि ही विसरू नकोस: खुबे तपासून घे. मान आखडलेल्या काही बाळांचा खुब्याचा सांधाही नीट बसलेला नसतो, आणि पायाकडून असलेल्या बाळांमध्ये तर तो धोका मुळातच जास्त. तुझ्या बाळाच्या बाबतीत दोन्ही कारणं आहेत. या वयात खुब्याची सोनोग्राफी करतात. एक्स-रे आत्ता उपयोगाचा नाही, कारण खुब्याचा गोळा अजून कूर्चेचाच असतो, तो फोटोत दिसत नाही.

मालीश करणाऱ्या बाईंना दुखवू नकोस, पण मान ओढणं, झटका देणं, गाठ चोळून फोडणं यातलं काही होता कामा नये. आखडलेला स्नायू जोर लावला की आणखी आवळतो, आणि आत दुखापत होऊ शकते.

ताणाचे व्यायाम मी इथे लिहून देणार नाही, ते हातात हात धरूनच शिकावे लागतात. पण आजपासून करण्यासारखं बरंच आहे. तिला तोंड उजवीकडे वळवायची सवय लागायला हवी, म्हणजे जे जे बघण्यासारखं आहे ते सगळं तिच्या उजवीकडे हवं: खिडकी, दिवा, खुळखुळा, तुझा चेहरा. पाळणा फिरव. ती जागी असताना पोटावर ठेव. सुरुवातीला दोन-दोन मिनिटं, लंगोट बदलला की लगेच, आणि कुणीतरी समोर हवंच. झोपवताना मात्र पाठीवरच. आणि ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पोटात जागा अपुरी पडली, मान एकाच स्थितीत दबून राहिली, त्या स्नायूला रक्त कमी पोचलं, अशी कारणं मानली जातात. त्यात तू काही केलेलं नाहीस.

उषाकाकू_सातारा
मंगळवार, दुपारी २:०५

अगं अनघा, पायाळू लेकरू म्हणजे घराचं भाग्य, आधी ते लक्षात ठेव. उसण भरलेली माणसं मोठेपणी तिच्या पायाची लाथ खायला दारात येतील बघ.

नीरजा सांगते ते ऐकच. मी फक्त राईच्या उशीचं सांगते. माझ्या तिन्ही मुलांना मी मोहरी भरलेली पातळ उशी दिली, डोकं गोल राहतं. मान कलते त्या बाजूला एक दुपट्याची गुंडाळी लावली की डोकं सरळ राहील असं मला वाटतं.

नीरजा_फिजिओ
मंगळवार, दुपारी ३:३०

काकू, पायाळूंबद्दलची गंमत अशी की मगाशी मी खुब्याचं लिहिलं ते याच बाळांसाठी. त्यांचं कौतुक करताना त्यांचे खुबे बघून घेतले पाहिजेत.

उशी आणि गुंडाळी मात्र नको. या वयाचं बाळ नाक दबलं तर स्वतः डोकं उचलून बाजूला करू शकत नाही. झोपताना बाळाच्या भोवती मऊ, सैल काहीही नसावं: उशी, लोड, दुपट्याची वळकटी, काही नाही. शिवाय उशीने डोकं मधोमध ठेवलं तरी स्नायू लांब होत नाही. तो लांब होतो जागेपणी, बाळाने स्वतः मान वळवल्यावर.

डोक्याच्या आकाराचं तुमचं निरीक्षण मात्र महत्त्वाचं आहे. अनघा, बाळ सतत डावीकडे तोंड करून झोपतं ना? मग डोक्याची डावी मागची बाजू चपटी व्हायला लागली असेल. वरून बघ, डावा कान उजव्यापेक्षा थोडा पुढे आल्यासारखा वाटतो का.

अनघा_चिपळूण
मंगळवार, सायंकाळी ७:२०

वरून बघितलं. आलाय पुढे. अगदी थोडासा, पण आलाय. उद्याच सोनोग्राफीची वेळ घेते.

दत्ता_कराड
मंगळवार, रात्री ९:४५

मी वडील म्हणून लिहितोय. आमचं प्रकरण वेगळं निघालं, पण वाचणाऱ्यांपैकी एखाद्याला उपयोग होईल.

मुलगा बसायला लागला तेव्हापासून मान डावीकडे कलती ठेवायचा. आम्ही दीड वर्ष मानेमागे लागलो. तेल, शेक, व्यायाम. व्यायाम करताना एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही: झोपेत त्याची मान दोन्ही बाजूंना लोण्यासारखी फिरायची. आखडलेलं काही नव्हतंच. गाठ नाही, दोरी नाही. तरी जागा झाला की पुन्हा कलती.

तीन वर्षांचा असताना डोळा आला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोलता बोलता त्याचा उजवा डोळा तळहाताने झाकला. मान सरळ झाली. हात काढला, मान कलली. पुन्हा झाकला, पुन्हा सरळ. असं त्यांनी चार वेळा केलं. मी आणि बायको एकमेकांकडे बघतच राहिलो.

डोळ्याला फिरवणाऱ्या सहा स्नायूंपैकी एक त्याच्या उजव्या डोळ्यात जन्मापासून कमजोर होता. मान सरळ ठेवली तर दोन डोळ्यांना दोन चित्रं दिसायची, कलती ठेवली की एक. पोरगं स्वतःच उपाय शोधून जगत होतं आणि आम्ही त्याला "मान सरळ ठेव" म्हणून ओरडत होतो. ते ओरडणं अजून टोचतं मला.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता सातवीत आहे, कबड्डी खेळतो. फोटोत कधीकधी किंचित कलती दिसते, सवयीची. मान कलते पण हाताने सहज सरळ होते, असं मूल असेल तर डोळे तपासा एवढंच सांगायचंय.

किमया_०७
बुधवार, सकाळी ८:१०

धाग्याशी थेट संबंध नाही, पण मला कालपासून सकाळी उठल्यावर मान एका बाजूला अडकल्यासारखी झालीय. वळवली की कळ येते. हाही टॉर्टिकॉलिसच का? हे वाचून भीती वाटायला लागली.

शेखर_जनरल_प्रॅक्टिस
बुधवार, दुपारी १:१५

किमया, घाबरू नका. टॉर्टिकॉलिस म्हणजे मान वाकडी असणं, इतकाच त्या शब्दाचा अर्थ. ते लक्षण आहे, त्यामागचे आजार निरनिराळे. तुमचं बहुधा साधं मान अवघडणं आहे. गरम शेक, वेदनाशामक गोळी, मान हळूहळू हलती ठेवणं, आणि दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्याभरात सुटतं. झटका देऊन "कट्कन" मोडून घेऊ नका.

३० वर्षांच्या दवाखान्यात पाहिलेल्या दोन गोष्टी मात्र लिहायच्या आहेत.

एक, उलटीचं औषध. कॉलेजातली मुलगी, उलट्या होतात म्हणून मेटोक्लोप्रमाइडच्या गोळ्या घेतलेल्या, आणि रात्री मान मागे-बाजूला ताठ वळलेली, जबडा ओढलेला, डोळे वर. घरच्यांना वाटलं फेफरं किंवा बाहेरची बाधा. माझ्याकडे आणायच्या आधी एका ठिकाणी लिंबू उतरवून आणलं होतं. हा औषधाचा परिणाम असतो, लहान मुलांत आणि तरुणांत जास्त. उताऱ्याचं इंजेक्शन दिलं की थोड्याच वेळात माणूस मोकळा होतो. अशा वेळी घेतलेल्या गोळ्यांचं पाकीट सोबत घेऊन जा. डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो.

दोन, घसा किंवा टॉन्सिल सुजून गेल्यावर आठवड्याभरात मुलाची मान दुखून वाकडी झाली, तर ती अवघडलेली मान समजून घरी शेकत बसू नका. संसर्गाने मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधले बंध सैल होऊन मणका सरकलेला असू शकतो. पडल्यानंतर वाकडी झालेली मान, तापासोबतची मान, किंवा मान वाकडी आणि जोडीला सकाळच्या उलट्या, चालताना तोल जाणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात.

माधव_डोंबिवली
बुधवार, रात्री १०:५०

इथे सगळे लहान मुलांबद्दल लिहीत आहेत. माझं वय ५४. मला सर्व्हायकल डिस्टोनिया आहे, आठ वर्षं झाली. याबद्दल मराठीत मला काही वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून लिहितो.

सुरुवात अशी झाली की बँकेत काउंटरवर बसल्यावर मान आपोआप डावीकडे वळायची. मी सरळ करायचो, ती पुन्हा जायची. जणू कुणी दोरी बांधून ओढतंय. समोरच्या ग्राहकाला वाटायचं मी त्याच्याकडे दुर्लक्ष करतोय. दोघांनी तक्रारही केली. संध्याकाळपर्यंत मान आणि उजवा खांदा ठणकायचा. झोपलो की मात्र सगळं शांत. सकाळचा पहिला तास चांगला जायचा.

दोन वर्षं मी सगळं करून बघितलं. कुणी स्पॉन्डिलायटिस म्हटलं, पट्टा दिला. कुणी वात म्हटलं. एका ठिकाणी सांगितलं की हे मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका, फिरायला जा. फिरायला गेलो की चालताना मान जास्त वळायची. घरच्यांनाही हळूहळू वाटायला लागलं की हे मनाचंच असणार. आजारापेक्षा ते जास्त लागलं.

कळलं कसं तर न्हाव्यामुळे. दाढी करताना त्याने दोन बोटं माझ्या हनुवटीला नुसती लावली, जोर न देता, आणि मान सरळ उभी राहिली. आरशात मी स्वतःला कित्येक महिन्यांनी समोरून बघितलं. घरी येऊन स्वतःची बोटं लावून पाहिली, तेच. मुलीने ही गोष्ट इंटरनेटवर शोधली आणि तिथून न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न हाच: कुठे हात लावला की बरं वाटतं का? म्हणाले, हा स्पर्शाचा उपाय या आजाराची जवळजवळ सही आहे. काहींना गालाला स्पर्श केला की, काहींना डोकं मागे भिंतीला टेकलं की आराम पडतो.

दोष मानेच्या स्नायूत नाही. मेंदूच्या आत खोलवर हालचालींचं नियंत्रण करणारी केंद्रं आहेत, तिथून स्नायूंना चुकीचा हुकूम जातो. म्हणून मालिशीने तात्पुरतं बरं वाटलं तरी मूळ सुटत नाही. हा आजार बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या आसपास सुरू होतो आणि बायकांमध्ये जास्त दिसतो.

उपचार बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनांचा. लोक त्याला सुरकुत्यांचं औषध म्हणून ओळखतात, पण अमेरिकेत या मानेच्या आजारासाठी त्याला २००० साली मान्यता मिळाली, सुरकुत्यांसाठी त्यानंतर. जास्त खेचणारे स्नायू शोधून त्यात थोडं थोडं टोचतात. परिणाम आठ-पंधरा दिवसांनी दिसतो आणि साधारण तीन महिने टिकतो. मग पुन्हा. पहिल्या खेपेला मला गिळायला त्रास झाला. दहा-बारा दिवस भाकरी आमटीत भिजवून खाल्ली. डॉक्टरांना सांगितल्यावर पुढच्या वेळी जागा आणि मात्रा बदलली, त्रास गेला. औषध महाग आहे, तीन महिन्यांनी येणारा खर्च धरूनच आमचं घर चालतं. इंजेक्शनांनी भागलं नाही तर मेंदूत बारीक तारा बसवायची शस्त्रक्रिया असते, डीप ब्रेन स्टिम्युलेशन. मला अजून तशी गरज पडलेली नाही.

हा आजार पूर्ण जात नाही. पण आज मी समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यात बघून बोलू शकतो.

अनघा_चिपळूण
गुरुवार, सकाळी ७:००

माधवकाका, तुमचं दोनदा वाचलं. एक विचारू का, माझ्या मुलीचं मोठेपणी असं होऊ शकतं का?

नीरजा_फिजिओ
गुरुवार, सकाळी ७:४०

नाही अनघा. माधवकाकांचा आजार मेंदूकडून येणाऱ्या हुकमाचा, तुझ्या बाळाचा प्रश्न एका आखूड स्नायूचा. कलणारी मान सोडली तर दोन्हींत काही सारखं नाही.

माधवकाका, तुमचं लिखाण मी माझ्या सहकाऱ्यांना वाचायला देणार आहे, चालेल ना?

माधव_डोंबिवली
गुरुवार, सकाळी ९:०५

अवश्य द्या. मला दोन वर्षं लागली, दुसऱ्या कुणाला लागू नयेत.

अनघा_चिपळूण
तीन आठवड्यांनी

सगळ्यांना आधी सांगते, खुबे दोन्ही व्यवस्थित आहेत. मानेच्या सोनोग्राफीत उजवा स्नायू डाव्याच्या जवळपास दुप्पट जाड दिसला, गाठ त्याच्या आतच. रिपोर्टवर फायब्रोमॅटोसिस कोलाय असं लिहिलंय, म्हणजे नीरजाताईंनी सांगितलेला तोच तंतूंचा गोळा. त्या डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं, "हे बघा, ही गाठ स्नायूबरोबरच हलते." ते बघितल्यावर मी तिथेच रडले.

चिपळुणात लहान मुलांची फिजिओ मिळाली नाही. रत्नागिरीला जातो, दर पंधरा दिवसांनी, एसटीने. नव्वद किलोमीटर. (जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांच्या लवकर उपचारांसाठी डीईआयसी नावाची केंद्रं असतात, तिथेही फिजिओ असतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. खेड्यातून वाचणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यात विचारून बघा.)

दुसऱ्या खेपेला मी आमच्या मालिशीच्या बाईंना सोबत नेलं. तिथल्या ताईंनी बाहुली दिली त्यांच्या हातात. खांदा कसा धरून ठेवायचा, डोक्याखाली तळहात कसा द्यायचा, बाळ आडलं की कसं लगेच सोडून द्यायचं. बाईंनी चाळीस वर्षं बाळं न्हाऊ घातलीत, त्यांना एकदा दाखवलं की पुरलं. माझे हात थरथरतात, त्यांचे नाही. आता सकाळचा व्यायाम त्याच घेतात, अंघोळीनंतर, अंग गरम असताना. नस चढल्याचं पुन्हा बोलल्या नाहीत.

कडेवर घ्यायची एक पद्धत शिकवलीय ती सगळ्या घराला लागली आहे. तिची उजवी बाजू खाली येईल असं आडवं हातावर घ्यायचं, आपला हात तिच्या उजव्या कानाखालून जातो आणि डोकं हळूच डाव्या खांद्याकडे उचललं जातं. आजोबा असं घेऊन अंगणात फेऱ्या मारतात. त्या वळीतली लाली गेली. ती वळी आता उघडते!

प्राची_न्यूजर्सी
त्याच दिवशी

किती बरं वाटलं वाचून. माझ्या मुलाची मान सुटली, पण आम्ही पाचव्या महिन्यात सुरुवात केली, तोवर डोकं बरंच चपटं झालं होतं. इथे डोक्याला आकार देणारं हेल्मेट सांगितलं. दिवसाचे २३ तास, जवळजवळ चार महिने. उन्हाळ्यात घामाने त्याचं डोकं भिजून जायचं, रोज आतून पुसायचं. अनघा, तुझं बाळ लहान आहे, डोकं झपाट्याने वाढतंय, मान सुटली की आकारही भरून येण्याची शक्यता खूप. इथे ९०च्या दशकात बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम झाली, त्याने झोपेत दगावणारी बाळं कितीतरी कमी झाली, पण चपट्या डोक्यांची संख्या वाढली असं आमच्या डॉक्टर म्हणाल्या. म्हणून जागेपणी पोटावर ठेवण्याचा एवढा आग्रह. ते सोडू नकोस.

रेवती_नाशिक
त्याच दिवशी

एक राहिलं. व्यायामाने सुटलं नाही तर ऑपरेशन करतात का? भाच्याच्या वेळी कुणीतरी घाबरवलं होतं.

नीरजा_फिजिओ
दुसऱ्या दिवशी

थोड्याच मुलांना लागतं. वर्षभर नियमित व्यायाम करूनही मान पुरेशी फिरत नसेल तरच विचार करतात. आखूड राहिलेल्या स्नायूचं टोक सोडवतात. पण त्यानंतरही फिजिओ काही महिने असतेच. मुलगा शाळेत जायला लागल्यावर पहिल्यांदा दाखवायला आणलेली उदाहरणंही मी पाहिली आहेत. तोवर चेहऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा कमी वाढलेली असते, एक डोळा खाली दिसतो. ऑपरेशनने मान सुटते, चेहरा मात्र वय जास्त असेल तितका कमी भरून येतो.

अनघा, तिला पालथं पडायला येईल तेव्हा एक बघ, ती दोन्ही कुशींवरून वळते का. या मुलांना एकाच बाजूने वळायची सवय लागते.

अनघा_चिपळूण
चार महिन्यांनी

बऱ्याच दिवसांनी आले. मध्ये एक महिना ती व्यायामाला फार रडायची. सासूबाई म्हणायच्या राहू दे आज. मग त्यांनीच युक्ती काढली. देवघरातली छोटी घंटा घेऊन त्या तिच्या उजवीकडे बसायच्या. ती रडता रडता घंटेकडे वळायची आणि तेवढ्यात आमचा व्यायाम होऊन जायचा. पाळण्याची तोंडं आम्ही इतक्या वेळा बदलली की पाहुण्यांना कळेना पाळणा आहे कुठे.

गाठ लागत नाही. बाईंनी, मी, रत्नागिरीच्या ताईंनी, सगळ्यांनी शोधली. पालथी आधी फक्त डावीकडून पडायची, गेल्या आठवड्यात उजवीकडूनही पडली. ताई म्हणाल्या, दमली की मान थोडी कलेल, दात येताना, ताप आला की कलेल, घाबरायचं नाही. चालायला लागेपर्यंत अधूनमधून दाखवत राहायचं.

काल उष्टावण झालं. माझा भाऊ मुद्दाम तिच्या उजवीकडे पाट मांडून बसला. चांदीच्या वाटीतली खीर बोटावर घेतली आणि काही न बोलता हात थांबवला. तिने हनुवटी वळवली, पार उजव्या खांद्यापर्यंत, आणि तोंड उघडलं.